ट्रेंडलाइनवर क्लिक करण्याआधी

एक्सेलमध्ये ग्राफच्या ठिपक्यांवर राइट क्लिक करून 'ट्रेंडलाइन' म्हटलं की एक यादी उघडते. एक्स्पोनेन्शिअल, लिनिअर, लॉगरिदमिक, पॉलिनॉमिअल, पॉवर. खाली एक छोटा चौकोन असतो, तो टिक केला की ग्राफवर आर-स्क्वेअर दिसतो. मग आपण काय करतो? एकेक पर्याय दाबून बघतो, ज्याचा आर-स्क्वेअर एकच्या सगळ्यात जवळ तो ठेवतो, प्रिंट काढतो आणि ब्लॅक बुकात लावून टाकतो. व्हायवाला 'हेच फंक्शन का?' असं विचारलं, तर उत्तर पाठ असतं. 'सर, आर-स्क्वेअर सगळ्यात जास्त होता.'

बहुतेक वेळा सर मान डोलावतात आणि पुढच्या रोल नंबरला बोलावतात. इथेच गडबड आहे. कारण हेच उत्तर घेऊन आपण उद्या बँकेत, एनजीओत, मंत्रालयात नाहीतर न्यूजरूममध्ये बसणार आहोत. आणि तिथे त्या रेषेवरून खरे निर्णय होतात.

आधी एक प्रयोग करू. डेटा कुणाचा वादातला नाही, आपल्याच देशाच्या जनगणनेचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या सात जनगणना, आकडे कोटींत: १९५१ मध्ये ३६.११, १९६१ मध्ये ४३.९२, १९७१ मध्ये ५४.८२, १९८१ मध्ये ६८.३३, १९९१ मध्ये ८४.६४, २००१ मध्ये १०२.८७ आणि २०११ मध्ये १२१.०९. एक्सेलमध्ये टाका. (वर्षाच्या जागी ० ते ६ लिहा, नाहीतर मोठ्या घातांच्या वेळी एक्सेल गोंधळ घालतं.)

सरळ रेषा बसवली तर आर-स्क्वेअर येतो ०.९८. पेपरात अठ्ठ्याण्णव टक्के मिळाले तर घरी पेढे वाटतात! घातांकी वक्र, म्हणजे एक्स्पोनेन्शिअल, बसवला तर ०.९९८. आणि पॉलिनॉमिअल घेऊन घात सहा केला तर बरोब्बर १. वक्र सातही ठिपक्यांतून जातो, एकही सुटत नाही.

आता या तिघांना एकच प्रश्न विचारू, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे पण त्यांना सांगितलेलं नाही. १९३१ मध्ये किती लोक होते? आजच्या भारताच्या सीमा धरल्या तर जनगणनेचा आकडा आहे सुमारे २७.९ कोटी. सरळ रेषा म्हणते, १.२ कोटी. म्हणजे आजच्या एकट्या मुंबईतही मावणार नाहीत इतकीसुद्धा माणसं तेव्हा अख्ख्या देशात नव्हती, आणि त्याच्या एक-दोन वर्षं आधी तर लोकसंख्या शून्याच्या खाली होती. घातांकी वक्र म्हणतो, २४ कोटी. चुकला, पण गावाच्या वेशीपर्यंत तरी पोचला. आणि आपला शंभर टक्केवाला सहाव्या घाताचा हुशार विद्यार्थी? तो म्हणतो, पंचावन्न कोटींहून जास्त. खऱ्या आकड्याच्या दुप्पट. त्याच्या मते १९३१ नंतरच्या वीस वर्षांत देशातली एक तृतीयांश माणसं नाहीशी झाली. पुढे नेलं तर २०५१ मध्ये तो अडीचशे कोटींच्या पार जातो.

यात त्या बहुपदीचा काही दोष नाही. सात ठिपके दिले की त्यांतून जाणारा सहाव्या किंवा त्याहून कमी घाताचा एक वक्र नेहमीच सापडतो. तुमच्या मोबाइल नंबरचे पहिले सात आकडे ठिपके म्हणून मांडा, आर-स्क्वेअर तरीही १ येईल. म्हणजे त्या १ ने आपल्याला लोकसंख्येबद्दल काहीही सांगितलेलं नाही. त्याने फक्त पाठांतर केलं होतं.

मग घातांकी वक्र बरोबर धरायचा का? मागे जाताना त्याने बरी साथ दिली. पण त्यालाच २०५१ विचारा, तो म्हणतो २८० कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज सांगतो की भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला साधारण १७० कोटींवर जाऊन मग उतरायला लागेल. म्हणजे जो मागे चालला तो पुढे चालेलच असं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि या पानावर ते ठामपणे मांडायचं आहे: फंक्शन, ज्याला पुस्तकात फलन म्हणतात, ते निवडणं म्हणजे ठिपक्यांना शोभेल अशी रेषा शोधणं नव्हे. ही गोष्ट कशी वाढते किंवा घटते याबद्दल आपण एक विधान करत असतो. ते विधान तोंडाने सांगता येत नसेल, तर ग्राफ काढायला आपण अजून तयार नाही.

सोपं उदाहरण घ्या. रिक्षाचं मीटर. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. याचा ग्राफ आधी आडवा आणि मग सरळ चढणारा. हे कळायला शंभर प्रवासांचा डेटा गोळा करायची गरज नाही, कारण नियमच तसा आहे. बँकेतली एफडी घातांकी वाढते, कारण व्याजावर व्याज चढतं. वर फेकलेला चेंडू वर्ग फलनाच्या कमानीत जातो, कारण गुरुत्वाकर्षण त्याचा वेग सारख्या दराने बदलत असतं. प्रत्येक वाक्यात 'कारण' आलंय, ते बघा. आर-स्क्वेअर कुठेच आला नाही.

आणि कटिंग चहा? समजा चहा पहिल्या पाच मिनिटांत ८५ अंशांवरून ७० वर आला. सरळ रेषा ओढलीत तर अर्ध्या तासाच्या आत त्याचा बर्फ झालेला असेल. टपरीवर बसून अजून तरी कुणी तसा चहा प्यायलेलं नाही. चहा खोलीच्या तापमानापाशी येऊन थांबतो, कारण त्याचा निवण्याचा वेग चहा आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतो. फरक कमी, वेग कमी. ही घातांकी घट आहे, पण शून्याकडे जाणारी नाही, खोलीच्या तापमानाकडे जाणारी. पहिल्या पाच मिनिटांच्या डेटात सरळ रेषा आणि हा वक्र जवळजवळ एकमेकांवर पडतात. फरक नंतर दिसतो, आणि आपल्याला नेमकं 'नंतर'चंच भाकीत हवं असतं.

समुद्राचंही तेच. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस कोणते, याची यादी मुंबईत आधीच छापून येते, महिना, तारीख, वेळेसकट. पाऊस पुढच्या आठवड्यात किती पडेल हे सांगताना हवामान खातं दहा वेळा विचार करतं, मग भरती इतक्या आधी कशी सांगता येते? कारण भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ठरलेल्या फेऱ्यांना बांधलेली आहे. साधारण दर बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा भरती येते. म्हणून तिथे आवर्ती फलनं लागतात, साइनच्या अनेक लाटा एकमेकींत मिसळून. आता समजा कुणी सकाळी आठला ओहोटीच्या वेळी एक मीटर पाणी मोजलं, दुपारी दोनला साडेचार मीटर मोजलं आणि सरळ रेषा ओढली. मध्यरात्री गेटवेपाशी दहा मीटर पाणी! मोजमाप दोन्ही वेळा अचूक आणि निष्कर्ष मात्र हास्यास्पद.

हसू येतंय ना? पण हाच प्रकार गंभीर चेहऱ्याने झालेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हा आपण शाळा-कॉलेजात होतो आणि मोबाइलवर लेक्चर बसायला सुरुवात झाली होती.

२४ एप्रिल २०२०. केंद्र सरकारच्या कोविडविषयीच्या पत्रकार परिषदेत एक आलेख दाखवला गेला. त्यातली रेषा चढून मग खाली येत होती आणि १६ मे रोजी शून्याला टेकत होती. प्रत्यक्षात १६ मेच्या आकडेवारीत एका दिवसात जवळपास चार हजार नवे रुग्ण होते. रुग्णसंख्या शून्य होईल असं कुणी म्हटलंच नव्हतं, असा खुलासा नंतर आला. पण आलेखाला आवाज नसला तरी तो बोलतोच, आणि लोकांनी जे ऐकायचं ते ऐकलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर देशात दिवसाला ९७ हजारांहून जास्त रुग्ण सापडत होते.

फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. मे २०२० च्या पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत व्हाइट हाउसच्या आर्थिक सल्लागार मंडळाने कोविड मृत्यूंचा एक आलेख जाहीर केला. त्यात एका रेषेचं नाव होतं 'क्युबिक फिट'. म्हणजे मृत्यूंच्या आकड्यांवर घन फलन बसवलं होतं. घन फलनाचा स्वभावच असा की ते चढतं, वळतं आणि उतरतं, समोर साथ असो की कांद्याचे भाव. त्या रेषेनुसार मेच्या मध्यापर्यंत रोजचे मृत्यू जवळपास शून्यावर यायला हवे होते. मे संपायच्या आत तिथल्या एकूण मृत्यूंनी एक लाखाचा टप्पा ओलांडला. केवळ डेटा गुळगुळीत करून दाखवण्यासाठी ही रेषा होती, असं त्यांचं म्हणणं. मग ती पुढच्या तारखांवर कशाला ओढली?

साथ कशी वाढते? एक रुग्ण काही जणांना संसर्ग देतो, ते आणखी काही जणांना. म्हणजे सुरुवातीला गुणाकार. मग लोक घरात बसतात, मास्क लावतात, संसर्ग होऊ शकेल अशी माणसं कमी होतात, आणि गुणाकार मंदावतो. नियम सैल झाले, विषाणू बदलला की पुन्हा सुरू. घन फलनात यातलं काहीच नाही. संसर्ग नाही, माणूस नाही, लॉकडाउन नाही. त्यामुळे ते ठिपक्यांवर छान बसलं यावरून साथीबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं.

मग निवडायचं कसं? आधी अगदी शाळेतलं हत्यार काढा. दहावीच्या बीजगणितात अंकगणित श्रेढी असते, आठवते? सारख्या अंतराच्या आकड्यांमधली वजाबाकी सारखी येत असेल तर सरळ रेषा. भागाकार सारखा येत असेल तर घातांकी. वजाबाकीचीही वजाबाकी सारखी येत असेल तर वर्ग फलन. आपल्या जनगणनेवर हे करून बघा. दर दशकातली भर येते ७.८, १०.९, १३.५, १६.३, १८.२ आणि १८.२ कोटी. टक्क्यांत वाढ येते २१.६, २४.८, २४.७, २३.९, २१.५ आणि १७.७. मला या दोन ओळी कुठल्याही ट्रेंडलाइनपेक्षा जास्त बोलक्या वाटतात. १९६१ ते १९८१ मध्ये टक्का जवळपास स्थिर, म्हणजे वाढ घातांकी. शेवटच्या दोन दशकांत भर स्थिर, म्हणजे वाढ सरळ रेषेची. एकाच देशाची, एकाच डेटात.

आता १९८१ मध्ये बसून २०११ चा अंदाज करायचा झाला तर? नुकत्याच सरलेल्या दशकातली भर तशीच धरली तर १०९ कोटी, टक्का तसाच धरला तर १३२ कोटींहून जास्त. प्रत्यक्षात निघाले १२१. दोघांच्या बरोबर मधोमध! कारण मधल्या काळात घराघरांत काहीतरी बदललं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये देशात एका बाईला सरासरी ३.४ मुलं होत होती, २०१९-२१ पर्यंत ती २.० झाली. महाराष्ट्रात १.७. हे ठिपक्यांत दिसत नाही, ते पाळणाघरांत आणि बालवाड्यांत दिसतं. म्हणूनच लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक एकूण आकड्यावर वक्र बसवत बसत नाहीत. ते वयोगटांनुसार जन्म, मृत्यू आणि स्थलांतर वेगवेगळं मोजून पुढे नेतात.

ही कहाणी जुनी आहे. १७९८ मध्ये माल्थसने सांगितलं की लोकसंख्या गुणाकाराने वाढते आणि अन्न बेरजेने, म्हणजे एक घातांकी, दुसरं सरळ. त्याचा सगळा धाक या दोन फलनांच्या निवडीतून आला होता. १८३८ मध्ये बेल्जियमच्या व्हरहुल्स्टने घातांकी वाढीला ब्रेक लावला: जागा भरत जाईल तशी वाढ मंदावते. त्यातून निघाला इंग्रजी एस अक्षरासारखा लॉजिस्टिक वक्र. आज स्मार्टफोनच्या खपापासून नव्या ॲपच्या युजर्सपर्यंत तो सगळीकडे वापरतात.

पण एस मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. १९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लॉवेल रीड या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी आपल्या देशाच्या लोकसंख्येवर हाच वक्र बसवला. सुरेख बसला. त्यांच्या हिशेबाने अमेरिकेची कमाल मर्यादा सुमारे १९.७ कोटी होती. १९६७ मध्ये अमेरिकेने २० कोटींचा आकडा ओलांडला, आज ती ३३ कोटींच्याही पुढे आहे. वक्राचा प्रकार समजूतदार होता, पण छप्पर किती उंचीवर आहे हे अर्धा जिना चढून कळत नाही. एसचा खालचा अर्धा भाग घातांकी वक्रासारखाच दिसतो. कुणी स्टार्टअपवाला पहिल्या सहा महिन्यांच्या युजर्सचा आकाशात जाणारा ग्राफ दाखवून पैसे मागायला आला, तर हे आठवा.

छपरावरून आठवलं. साक्षरता. १९५१ मध्ये १८.३३ टक्के, २०११ च्या सुरुवातीच्या आकड्यांत ७४.०४ टक्के. दशकाला सरासरी सव्वानऊ टक्के, आणि सरळ रेषा इतकी छान बसते की मोह होतो. तीच पुढे न्या, २०४१ मध्ये देश १०२ टक्के साक्षर. इथे छप्पर माहीत आहे, शंभर. आणि शेवटची माणसं सगळ्यात अवघड असतात: म्हातारी, भटकी, ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांसोबत शाळा सुटलेली. जो अधिकारी सरळ रेषेवर विसंबून 'अमुक साली शंभर टक्के' असं लिहितो, तो नेमकं त्यांचंच बजेट आधी बंद करतो.

अजून एक सवय लावून घ्या. रेषा बसवल्यावर प्रत्येक ठिपका तिच्यापासून किती वर किंवा खाली राहिला तेही काढा. जनगणनेच्या त्या ०.९८ वाल्या सरळ रेषेत १९५१ चा ठिपका सहा कोटींनी वर, मधले चार-पाच कोटींपर्यंत खाली, २०११ चा पुन्हा जवळपास पाच कोटींनी वर. दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली, चक्क हसरा चेहरा. उरलेल्या चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर ठीक. त्या ओळीने उभ्या राहून चित्र काढत असतील, तर फलनाचा प्रकारच चुकलाय.

हे सगळं आज का महत्त्वाचं? २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. आता देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. म्हणजे २०११ नंतर आपण भाषणांत, बातम्यांत, यूपीएससीच्या नोट्समध्ये लोकसंख्येचा जो आकडा वाचतो, तो मोजलेला नाही, कुणीतरी काढलेला आहे. एप्रिल २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं, ती बातमीही एका मॉडेलचीच होती. दरडोई उत्पन्न, दर लाखामागे डॉक्टर, दर हजार मुलांमागे शिक्षक, या सगळ्याच्या छेदात तोच आकडा बसलाय.

म्हणून मागणी साधी आहे. भविष्याकडे जाणारी रेषा जो कुणी छापेल, मग ते सरकारी खातं असो, म्युच्युअल फंडाची जाहिरात असो नाहीतर आपलं वर्तमानपत्र, त्याने त्याखाली दोन ओळी लिहाव्यात. कोणतं फलन घेतलं आणि का. मोजलेला डेटा कुठे संपतो, तिथून पुढे रेषा तुटक करावी. कॉलेजांनी ब्लॅक बुकच्या मार्कांतले थोडे मार्क या 'का'ला ठेवावेत. आर-स्क्वेअर छापायला मनाई नाही, पण तो उत्तर म्हणून चालणार नाही. आणि मास कॉमच्या वर्गात 'आम्हाला गणित नाही' म्हणून हात वर करायचे दिवस गेले. आलेख छापायचा असेल तर तो वाचताही यायला हवा.

सुरुवात या पानापासून करा. इथे कधी अशी रेषा छापून आली आणि खाली त्या दोन ओळी दिसल्या नाहीत, तर ग्राफचा फोटो काढून आम्हाला पाठवा. सोबत १९३१ सारखा एखादा अडचणीचा प्रश्नही विचारा.